पोटाला भाकरी, डोक्यावर छप्पर, हातात वही

चांदणी चौक सोडून पौड रस्त्याला लागलं आणि भूगाव मागं पडलं की भुकूम येतं. जवळच्या खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावलेली रामनदी इथून खाली बावधन-पाषाणकडे जाते. आज या रस्त्यावर उंच इमारती आहेत, मंगल कार्यालयं आहेत, इंग्रजी शाळा आहेत आणि सकाळी पिरंगुटच्या कारखान्यांकडे धावणाऱ्या बसगाड्या आहेत. पण हा मुळशी तालुका आहे. दोन-तीन पिढ्यांमागचं इथलं बालपण म्हणजे गुडघाभर चिखलात भातलावणी, डोंगरउतारावरची नाचणी-वरई, गुरांमागं फिरणं आणि पाऊस सरला की घरातल्या कर्त्या माणसानं धरलेली मुंबईची वाट. त्या घरांतली काही मुलं पुढं शिक्षक झाली, अधिकारी झाली, उद्योजक झाली. आपण त्यांचे सत्कार करतो आणि भाषणात हमखास सांगतो, "स्वतःच्या हिमतीवर वर आला."

हिंमत होतीच. पण तेवढी हिंमत असलेली कितीतरी पोरं त्याच चिखलात राहिली, तीही आपल्याच वाड्या-वस्त्यांतली होती. मग काहींना वाट कशी सापडली? महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशे वर्षांकडे वळून पाहिलं की याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. ते उत्तर भुकूमसारख्या गावानं आज नीट ऐकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी इथली गरिबी कशी घडली ते पाहू. मुळशीत पाऊस उदंड, पण जमिनीचा तुकडा लहान आणि पीक बहुतेक एकच. त्यात तालुक्याच्या पश्चिमेला टाटांच्या वीजप्रकल्पाचं धरण आलं. जमिनी बुडणार म्हणून शेतकरी उठले आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी तो तीन वर्षं लढवला. धरण मात्र झालंच. मावळ्यांच्या खाचरांवर पाणी चढलं, त्या पाण्याची वीज मुंबईला गेली आणि विजेपाठोपाठ माणसंही. त्याच्याही आधी, १८९० च्या सुमारास, महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचं काम सुरू केलं होतं. खेड, मावळ, मुळशी या भागांतल्या पिढ्यान् पिढ्या त्या कामात राबल्या. दुसऱ्याच्या घरचं जेवण वेळेवर पोचवणाऱ्या या माणसांपैकी बहुतेकांची शाळा फार लवकर सुटली होती. कारण साधं होतं. मूल शाळेत गेलं की घरातले दोन हात कमी होत आणि खाणारं तोंड तेवढंच राही.

वंचित बालपणाची पहिली अडचण ही अशी पोटाची असते. जुन्या पुण्यातल्या गरीब विद्यार्थ्यांनी तिच्यावर वार लावून जेवण्याचा आणि माधुकरीचा उपाय काढला होता. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असं जेवत कित्येक जण मॅट्रिक झाले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानं, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहानं, अशा मुलांना एक छप्परही दिलं. पण माधुकरीचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. ब्राह्मणाच्या मुलाला पुण्यात जेवण मिळे; मुळशीतल्या कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या किंवा कातकऱ्याच्या पोराला ते मिळण्यासारखं नव्हतं. भूक सारखी असली तरी तिच्यावरचा उपाय जातीनं वाटलेला होता.

ही वाटणी मोडण्याचं काम कोल्हापुरात मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशा समाजांची वसतिगृहं उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आलं. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शाळा काढली म्हणजे खेड्यातलं मूल शिकेल असं नाही, त्याला शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचं अन्न लागतं, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी एका हुशार विद्यार्थ्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा भीमराव आंबेडकर बी.ए. होऊ शकले. बाबासाहेबांच्या प्रज्ञेला तोड नव्हती. तरीही महिन्याचे ते २५ रुपये वेळेवर आले नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायलाच हवा.

मग आले भाऊराव पाटील. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. तिथं सर्व जातींची मुलं एका चुलीवरचं अन्न एका पंगतीत जेवत. मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत, लागेल ते अंगमेहनतीचं काम करत आणि त्यातून शिकत. भाऊराव गावोगाव फिरून मूठमूठ धान्य गोळा करत. एकदा वसतिगृहात धान्य संपलं, पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. दुसऱ्यांच्या मुलांच्या जेवणासाठी. माझ्या दृष्टीनं मराठी समाजाच्या शिक्षणाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे. त्या पंगतीत जेवलेले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 'कमवा आणि शिका' ही भाऊरावांची कल्पना नंतर विद्यापीठांनी उचलली. पुणे विद्यापीठातही खेड्यातून आलेली मुलं-मुली या योजनेत काही तास काम करून आपला खर्च भागवतात.

भुकूमहून पुण्यात शिरताना कोथरूड लागतं आणि कोथरूडला लागूनच हिंगणे आहे, आजचं कर्वेनगर. कोकणातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १७-१८ वर्षांचे असताना एका परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल पायी गेले होते. तिथं अधिकाऱ्यानं पाहिलं आणि वयानं लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. हेच कर्वे पुढं पुण्यात प्राध्यापक झाले, तरी ते तिथं थांबले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. बालपणी ज्यांच्या नशिबी वैधव्य आलं, त्या मुलींना तिथं राहायला जागा, जेवण आणि शिक्षण मिळालं. स्वतः वर आल्यावर खाली राहिलेल्यांसाठी पायरी बांधायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं.

हा धागा पुढंही सापडतो. पुणे जिल्ह्यातल्याच मोरगावात १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताई वाघ बालविधवा झाल्या. शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडकांच्या हाताखाली बोर्डीला गेल्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. त्या कुरणशाळेत मुलांच्या गैरहजेरीबद्दल आईबापांना बोल लावलेला नव्हता. मूल जिथं आहे तिथं शिकवणाऱ्यानं जायचं, एवढंच तत्त्व होतं.

यशवंतराव चव्हाणांचंही तसंच. देवराष्ट्रे गावात जन्म, वडील लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी हलाखीत वाढवलं. १९५९ मध्ये, ते तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) ही तीन अक्षरं त्या पिढीतल्या कुठल्याही खेडेगावच्या पदवीधराला विचारा. या सवलतीच्या अर्जावर कितीतरी घरांतला पहिला पदवीधर उभा आहे. त्याआधी चार वर्षं, १९५५ मध्ये, डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली होती. फी माफ झाली तरी खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे राहतातच. समितीनं नेमका तो भार उचलला आणि खेड्यातून आलेल्या गरजू मुला-मुलींना अत्यल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय दिली. तिथं राहून गेलेले अनेक जण पुढं देणगीदार म्हणून, कार्यकर्ते म्हणून परत आले.

अलीकडचं उदाहरण डॉ. राजेंद्र भारूड यांचं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात सामोडे गावी भिल्ल कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. या मुलाला जवाहर नवोदय विद्यालयात जागा मिळाली, म्हणजे शाळा, वसतिगृह, जेवण, पुस्तकं सगळं एकाच वेळी मिळालं. तिथून मुंबईत वैद्यकीय शिक्षण, मग भारतीय प्रशासकीय सेवा. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना, करोनाच्या दुसऱ्या लाटेत देश प्राणवायूसाठी तडफडत होता, तेव्हा त्यांनी आपल्या आदिवासी जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प आधीच उभे करून ठेवले होते. गरिबीत वाढलेल्या मुलासाठी सरकारनं नवोदयची एक जागा राखली आणि त्याची परतफेड एका जिल्ह्याला श्वासाच्या रूपानं झाली.

या सगळ्या आयुष्यांतून एकच गोष्ट निघते. वंचित मूल वर येतं ते अन्न, निवारा आणि फी या तिन्हींची सोय झाली आणि 'हे मूल शिकलं पाहिजे' असं म्हणणारं एक तरी माणूस पाठीशी राहिलं तर. यांतलं एक जरी गळालं तरी हिंमत अपुरी पडते.

नुसता पैसाही पुरा पडत नाही, हे मुळशीनं नंतर स्वतःच्या अंगावर पाहिलं. १९९० नंतर हिंजवडीत आय.टी. पार्क आलं, पिरंगुट-उरवड्याकडे कारखाने वाढले, पुणं चांदणी चौक ओलांडून पश्चिमेला सरकलं. ज्या खाचरांनी पोटापुरता भात दिला नव्हता त्यांना गुंठ्यावर भाव आला. काही घरांनी त्या पैशातून मुलांची शिक्षणं केली, धंदे उभे केले; ती घरं सावरली. काही घरांत गाड्या आल्या, सोनं आलं, दहा वर्षांत पैसा संपला आणि पोरं ना शेतीची राहिली ना नोकरीची. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटानं ही वेदना महाराष्ट्रापुढं ठेवली. या भागातल्या माणसाला तो परका वाटला नाही. अचानक आलेली रक्कम वर्षं-दोन वर्षं पुरते. मुलाला घडवायला पंधरा-सोळा वर्षं सातत्यानं कुणीतरी लक्ष द्यावं लागतं.

आज भुकूम परिसरात वंचित बालपण संपलेलं नाही. फक्त ती मुलं दुसऱ्या घरांतली आहेत. इमारतींच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोल्यांत मराठवाडा, कर्नाटक, छत्तीसगड, बिहारकडून आलेल्या बांधकाम मजुरांची मुलं राहतात. काम संपलं की कुटुंब दुसरीकडे जातं आणि मुलाची शाळा तुटते. धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी त्या वस्तीत हमखास दिसते. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या पोराचं जे होतं, तेच आज तिचं आहे.

साधनं मात्र आता त्या काळापेक्षा खूप आहेत. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा, वयाला योग्य वर्गात प्रवेश, कागदपत्रं नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. खासगी शाळांत वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा आहेत. स्थलांतरित मुलांना नव्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. बांधकामावरच्या उपकरातून चालणारं कामगार कल्याण मंडळ मजुरांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. त्यासाठी मजुराची नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला. बहुतेकांचं गाडं या दाखल्यापाशी अडतं, कारण ठेकेदार बदलत राहतात आणि कागद कुणी देत नाही. रजनी परांजपे यांच्या पुढाकारानं १९८८ मध्ये सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलनं पुण्यातल्या बांधकामांवर आणि वस्त्यांत जाऊन वर्ग घेतले, शाळेपर्यंत मुलांना नेण्याची सोय केली. अनुताईंची कुरणशाळा इथं बांधकामाच्या खडीत भरली, असंच म्हणावं लागेल.

म्हणून या गावाकडून माझी अपेक्षा मोठी आहे. ज्या घरांतली पहिली शिकलेली पिढी फीमाफीवर, वसतिगृहाच्या ताटावर आणि एखाद्या गुरुजींच्या आग्रहावर उभी राहिली, त्या घरांनी आता दुसऱ्या बाजूला उभं राहावं. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रत्येक बांधकामावर जाऊन मुलांची यादी करावी. ग्रामपंचायत आणि सोसायट्यांनी मिळून शाळेत नेण्या-आणण्याची गाडी ठरवावी. ठेकेदाराकडून ९० दिवसांचा दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. जाणाऱ्या मुलाच्या हातात हमी पत्रक आहे ना, हे पाहावं. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर असेल तरच ती आठ वर्षांची मुलगी वर्गात बसू शकेल, तेव्हा बांधकामावर पाळणाघर मागावं आणि ते चालतं ना, हे तपासत राहावं.

यातलं कुठलंही काम कर्व्यांच्या पायपिटीइतकं किंवा लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राइतकं अवघड नाही. सत्काराच्या व्यासपीठावर पुढच्या वेळी एखादा भूमिपुत्र उभा राहील, तेव्हा त्याच्या पदव्यांबरोबर एवढंही विचारलं जावं: तुमच्यामुळे कुणाची शाळा सुरू राहिली?