गाडी येते बोटीने, अडकते कागदात!

परदेशातली नोकरी संपली, परतीचं तिकीट हातात आलं, की हळूच मनात येतं, आपली गाडीही सोबत नेली तर? आयडिया झक्कास आहे. पण बोटीचं बुकिंग करायच्या आधी हे वाचाच!

सुरुवात करू या दोन फेमस गाड्यांपासून. १९८५ साल, मेलबर्न. बेन्सन अँड हेजेस वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये रवी शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरला आणि बक्षीस म्हणून त्याला मिळाली चकाचक ऑडी. अख्खी टीम त्या गाडीवर चढून मैदानभर फिरली. गाडी भारतात आणायची म्हटल्यावर कस्टम ड्युटीचा प्रश्न आला, तेव्हा राजीव गांधींच्या सरकारने ती माफ केली.

दुसरी गाडी त्याहून गाजलेली. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, ती चावी खुद्द मायकेल शूमाकरच्या हातून! सरकारने याही वेळी ड्युटी माफ केली, पण आता जमाना बदलला होता. ‘मोठ्या माणसाला वेगळा न्याय का?’ असा सवाल करत दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका गेली, पेपरांत रकानेच्या रकाने छापून आले. शेवटी सुमारे १ कोटी १३ लाखांची ड्युटी फियाटने भरली आणि विषय मिटला.

सचिनच्या गाडीला कस्टम्सची खिडकी चुकली नाही. मग तुमची-आमची काय कथा?

‘स्टिअरिंग तर उजवीकडेच आहे!’

माझा एक कॉलेजमित्र आणि त्याची बायको, दोघंही आयटीत. बर्मिंगहॅमला चार वर्षं काढून दोघांनी पुण्यात परतायचं ठरवलं. वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फ्लॅट घेऊन ठेवलेला, खराडीतल्या कंपनीचं ऑफर लेटर आलेलं. फक्त एका गोष्टीवर घोडं अडलं होतं, ती म्हणजे त्यांची छोटी एसयूव्ही. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं ते याच गाडीतून. बायकोचा जीव त्या गाडीत अडकलेला.

एका रात्री त्याचा फोन आला. “अगं, तू पत्रकार आहेस ना, जरा चौकशी कर. इंग्लंडमध्ये स्टिअरिंग उजवीकडेच असतं, गाडी तीन वर्षांच्या आतली आहे, मग अडचण काय? इथला एजंट म्हणतोय बोटीत चढवून देतो, शुक्रवारपर्यंत बुकिंग कन्फर्म करा.”

हातात चार दिवस होते. मी नियमांची फाईल घेऊन बसले.

पहिला झटका अगदी व्याख्येतच बसतो. बहुतेकांना वाटतं, की आपण कायमचे परत येतोय म्हणजे फ्रीज, सोफा, टीव्ही यांच्या जोडीला गाडीही ‘सामान’ म्हणून येईल. पण १९६२ च्या कस्टम्स कायद्यात ‘बॅगेज’ची व्याख्या करतानाच स्पष्ट लिहिलंय, की यात मोटार वाहन येत नाही. थोडक्यात, सामानासाठी मिळणाऱ्या सवलती सोफ्यापर्यंतच. गाडी ही स्वतंत्र आयात!

वापरलेल्या गाडीची अग्निपरीक्षा

सेकंडहँड गाडी आणण्याच्या अटी परदेश व्यापार धोरणात आहेत. एक जरी हुकली तरी खेळ खल्लास.

गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग आणि कंट्रोल्स उजवीकडेच हवेत. म्हणजे दुबई किंवा अमेरिकेतून येणाऱ्यांची डाव्या स्टिअरिंगची गाडी इथेच बाद. स्पीडोमीटर किलोमीटर दाखवणारा हवा. ब्रिटनमध्ये हिशोब मैलांत चालतो, त्यामुळे तिथल्यांनी हे आधी बघावं. हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे हवेत. गाडी पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर चालेल आणि तिची सर्व्हिसिंगची सोय होईल, याची हमी द्यावी लागते. बोटीत चढण्यापूर्वी तपासणीचं सर्टिफिकेट लागतं आणि गाडी उतरते ती फक्त मुंबई बंदरात.

उतरली म्हणजे सुटली का? छे! इथे आल्यावर पुन्हा टेस्ट. ती करणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवरची एआरएआय. दुसरी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई, संरक्षण खात्याची प्रयोगशाळा. तिसरी मध्य प्रदेशात बुदनीला. वाघोलीकरांसाठी गंमत अशी, की ज्या नगर रोडवर आपण रोज सकाळी फर्स्ट गिअरमध्ये कुढत असतो, त्याच रस्त्याने पुढे शंभरेक किलोमीटर गेलं, की परदेशी गाड्यांची परीक्षा घेणारं गाव लागतं.

कायमचं परतणाऱ्यांसाठी नियमांत वेगळी नोंद आहे. परदेशात सलग दोन वर्षं वास्तव्य हवं आणि गाडी किमान एक वर्ष ताब्यात असलेली हवी. पण ड्युटी पूर्ण भरावी लागते. त्या नोंदीत आपण नेमके कुठे बसतो, हे एजंटच्या तोंडी आश्वासनावर न सोडता लेखी विचारून घेतलेलं बरं.

वीस लाखांचे साडेसहासष्ट

आता मुद्द्याचं बोलू या, म्हणजे पैशाचं. २०२५ च्या बजेटपर्यंत वापरलेल्या गाडीवर बेसिक ड्युटी १२५ टक्के होती आणि तिच्यावर सरचार्ज मिळून एकूण १३७.५ टक्के. बजेटमध्ये बेसिक ड्युटी ७० टक्क्यांवर आली, तेव्हा अनेकांनी टाळ्या वाजवल्या. पण सोबत ६७.५ टक्के कृषी सेस आला. बेरीज करून बघा, पुन्हा १३७.५!

समजा, बोटीचं भाडं आणि विमा धरून कस्टम्सने तुमच्या गाडीचं मूल्य २० लाख धरलं. त्यावर १३७.५ टक्के म्हणजे साडेसत्तावीस लाख. झाले साडेसत्तेचाळीस. आता या सगळ्या रकमेवर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे, म्हणजे आणखी १९ लाख. टोटल साडेसहासष्ट लाख. गाडी वीसची, टॅक्स साडेसेहेचाळीसचा. आणि अजून आरटीओचं दार बाकीच आहे. महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्सचा दरही चढा असतो.

‘मग सेकंडहँडची पावती कमी रकमेची दाखवू,’ असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते तिथेच थांबवा. मूल्य कस्टम्स ठरवतं आणि ते ठरवताना नव्या गाडीची मूळ किंमत घेऊन त्यातून घसारा वजा होतो. तुम्ही मित्राकडून स्वस्तात घेतली, याचं तिथे कुणाला कौतुक नाही. आणि खोटी किंमत दाखवली तर गाडी जप्त होऊ शकते.

हा हिशोब मी मित्राला पाठवला. पाच मिनिटं शांतता. मग मेसेज आला, “हे तर जवळपास आमचं होम लोन आहे.”

तरीही बायको म्हणाली, एकदा तारीख तरी नीट बघू. तिथे खरी गोम निघाली. ब्रिटनमध्ये नवीन नंबर प्लेटची सीरिज मार्च आणि सप्टेंबर अशी वर्षातून दोनदा बदलते. यांची गाडी फॅक्टरीतून बाहेर पडली नोव्हेंबरमध्ये, डीलरच्या आवारात उभी राहिली आणि पासिंग झालं मार्चमध्ये. मित्र तीन वर्षं मोजत होता रजिस्ट्रेशनपासून. नियम मोजतो उत्पादनापासून. त्या चार महिन्यांनी गाडी बाद! बुकिंग केलं असतं, तर गाडी मुंबईच्या बंदरात पोचून तिथेच उभी राहिली असती आणि रोजचं भाडं चढत गेलं असतं.

गुरुवारी त्यांनी गाडी तिथेच विकली. आलेले पैसे होम लोनला गेले. मुलीची कार सीट मात्र बॉक्समध्ये पॅक होऊन वाघोलीला आली. ती बॅगेजमध्ये बसते.

फिरवायची असेल तर?

गाडी ठेवायची नाही, फक्त फिरवून परत न्यायची असेल, तर वेगळा आणि कायदेशीर रस्ता आहे. त्याचं नाव ‘कार्नेट’. हा गाडीचा पासपोर्टच समजा. परदेशात नोंद असलेली गाडी ड्युटी न भरता तात्पुरती आणता येते, साधारण सहा महिन्यांसाठी, पण परत नेण्याच्या हमीवर. नाही नेली, तर हमीची रक्कम जाते.

२०२४ मध्ये मूळचे ठाण्याचे एक गृहस्थ लंडनहून आपली एसयूव्ही चालवत निघाले आणि १६ देश ओलांडून ५९ दिवसांत आईला भेटायला ठाण्यात पोचले! सगळा देश त्यांच्या ड्राइव्हवर फिदा झाला. पण एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात राहिली. ते स्वतः विमानाने परतले आणि गाडी बोटीने परत गेली.

स्वस्तात मिळतेय? जरा थांबा

परदेशी न गेलेल्यांनाही हा विषय लागू आहे. ‘बाहेरून आलेली आहे, पेपर क्लिअर आहेत, अर्ध्या किमतीत देतो,’ असं म्हणणारा एक तरी इसम प्रत्येक ऑफिसच्या ओळखीत असतोच.

२०२१ मध्ये डीआरआयने ‘ऑपरेशन माँटे कार्लो’ केलं. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावाने ड्युटी-फ्री आणलेल्या आलिशान गाड्या बाहेरच्यांना विकल्या जात असल्याचा तो मामला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवलं. नुमखोर हा गाडीसाठीचा भूतानी शब्द. भूतानमधून सीमा ओलांडून गाड्या आणल्या आणि खोट्या कागदांवर भारतात त्यांची नोंदणी केली, असा संशय. छापे पडले ते आज ज्यांच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती त्यांच्याकडे. विकणारा पैसे घेऊन मोकळा, गाडी गेली घेणाऱ्याची.

म्हणून आयात गाडी घेताना आरसी बुकावर खूश होऊ नका. मूळ बिल ऑफ एंट्री मागा, ड्युटी भरल्याची पावती मागा, दोन्हींवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. देणारा टाळाटाळ करत असेल, तर चहा पिऊन घरी या.

बुकिंगआधीचा पाच मिनिटांचा फंडा

– उत्पादनाचा महिना आणि वर्ष गाडीवरच्या प्लेटवरून किंवा कंपनीकडून लेखी घ्या. रजिस्ट्रेशनच्या तारखेवर विसंबू नका.
– गाडी मुंबईला उतरेल त्या दिवशी ती तीन वर्षांच्या आत असेल का? बोटीचे आठवडेही मोजा.
– स्टिअरिंग, स्पीडोमीटर, हेडलाइट तपासा.
– किमतीला सव्वातीनने गुणा. तो आकडा बघून झोप लागते का, ते पाहा.
– भारतात त्या मॉडेलचे पार्ट मिळतात का, हे आत्ताच विचारा.

आणि हो, ‘कंपन्या तर बिनदिक्कत आणतात!’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक खुलासा. २०१८ च्या नियमाप्रमाणे कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला वर्षाला २५०० पर्यंत गाड्या इथल्या वेगळ्या टेस्टिंगशिवाय आणता येतात. तो दरवाजा कंपन्यांसाठी आहे, एकट्या-दुकट्या मालकासाठी नाही.

उलट दिशेची वाहतूक मात्र जोरात आहे. वाघोलीहून नगर रोडने तासाभरावर असलेल्या रांजणगावातून जीप कंपास २०१७ पासून जपान आणि ऑस्ट्रेलियाला गेली. चाकणहून डाव्या स्टिअरिंगची व्हेंटो थेट मेक्सिकोत पोचली. जगाला गाड्या पाठवणाऱ्या शहरात आपण राहतो. तेव्हा परतताना आठवणी भरपूर आणा, फोटो आणा. गाडी मात्र इथल्या शोरूममध्ये जाऊन घ्या. वाचलेल्या साडेसेहेचाळीस लाखांत ती आरामात बसेल आणि सर्व्हिसिंगला बोटीची वाटही बघावी लागणार नाही!