चार आवाज (लेखांक 6) : गंधार कुणाच्या घरचा?

घरी पेटी असेल तर आजचा लेख तिच्यासमोर बसूनच वाचावा. पांढरी एक हा सा धरा आणि हे सात सूर सावकाश वाजवा : ग, ध, प, म, ग, रे, ग. गंधारावरून धैवतावर झेप, तिथून एकेक पायरी उतरत रिषभापर्यंत आणि शेवटी परत गंधारावर मुक्काम. बस, एवढीच ओळ. गेले पाच आठवडे आपण कॉर्ड म्हणजे काय, चार आवाजांच्या मर्यादा कोणत्या, हे बघत होतो. आज प्रत्यक्ष चालीला हात घालायचा.

ही चाल मुळात चर्चची नाही. न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेल्या हान्स लेओ हास्लरने 1601 साली छापलेल्या संग्रहातलं हे प्रेमगीत. एका मुलीपायी जीव गोंधळून गेलेल्या प्रियकराचं. पुढे पाउल गेरहार्टने 1656 मध्ये क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या जखमी मस्तकाला उद्देशून जर्मन स्तोत्र लिहिलं आणि ते याच चालीवर गायलं जाऊ लागलं. नाटकातल्या पदाची चाल उचलून तिच्यावर अभंग म्हणणाऱ्या आपल्या कीर्तनकारांना यात वावगं काही वाटणार नाही. हास्लरची लय आडवीतिडवी होती. सगळ्या मंडळींनी मिळून गायचं म्हटल्यावर ती झिजून सरळ झाली. 1973 मध्ये पॉल सायमनने ‘अमेरिकन ट्यून’साठी हीच चाल घेतली, म्हणजे तिचा प्रवास अजून थांबलेला नाही.

अशा चालीला कोराल म्हणतात. सुरुवातीच्या काळात ती टेनरच्या, म्हणजे मधल्या पुरुषी आवाजात दडलेली असे. 1586 मध्ये लुकास ओझिआंडरने ती उचलून सगळ्यात वरच्या आवाजात ठेवली. हेतू साधा होता : बाकावर बसलेल्या माणसाला चाल ऐकू यावी आणि बरोबर गाता यावी. पण त्यामुळे रचनाकाराचं काम पालटलं. वरचा आवाज आयता मिळालेला, त्यात फेरफार करायचा नाही. उरले आल्टो, टेनर आणि बेस. जे काही म्हणायचं ते या तिघांकडून म्हणवून घ्यायचं.

माझी पहिली वही अजून आहे. हीच ओळ मी तिच्यात सजवली होती आणि बेसला दिलं होतं : सा, म, ग, रे, सा, प, सा. प्रत्येक कॉर्ड बरोबर, नियमभंग एकही नाही. मला वाटलं, जमलं. आमचे सर मूळचे मडगावचे. त्यांनी वही पियानोवर टेकवली, फक्त वरचा आणि खालचा आवाज वाजवला आणि म्हणाले, ‘‘तुझा बेस गातोय की चालीचं बोट धरून चाललाय?’’

पेटीवर दोन्ही ओळी एकत्र वाजवून पाहा, म्हणजे कळेल. वर ग तेव्हा खाली सा, वर ध तेव्हा म, वर प तेव्हा ग, वर म तेव्हा रे, वर ग तेव्हा पुन्हा सा. एकसारखं तिसऱ्या सुराचं अंतर. वरची बाई वळली की खालचे बुवा वळले. आता गोव्याच्या मांडोत दुसरा आवाज असाच तिसऱ्या सुरावरून सोबत करतो आणि त्यात केवढा गोडवा असतो! सर स्वतः मांडो गाणारे. त्यांना या गोडव्याचं वावडं नव्हतं. पण तिथे दोन आवाज हातात हात घालून चालतात, ते तसेच चालावेत म्हणून. कोरालमधल्या बेसला स्वतःची वाट हवी. चाल झाकून नुसता बेस गायला तरी ते गाणं वाटलं पाहिजे.

मग सरांनी पेन्सिल घेतली आणि बेस असा लिहिला : सा, मग खालच्या सप्तकातला म, प, ध, जाता जाता नी ला नुसता स्पर्श करून वरचा सा, मग उतरून प आणि शेवटी सा. वर चाल झेप घेते तेव्हा हा खाली उडी मारतो. चाल प-म-ग अशी उतरते तेव्हा हा प-ध-नी-सा असा चढत येतो. दोघं समोरासमोरून येऊन भेटल्यासारखे. सूर फारसे बदलले नव्हते, पण ओळ उभी राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हार्मनी म्हणजे चालीखाली अंथरलेली सतरंजी नव्हे.

या शिकवण्याला जुना आधार आहे. योहान सेबास्टियन बाख शिष्यांना कसं शिकवायचा, ते त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने 1775 मध्ये चरित्रकार फोर्केलला पत्राने कळवलं. कोराल शिकवताना बेस सुरुवातीला बाख स्वतः लिहून देई. शिष्यांनी फक्त आल्टो आणि टेनर शोधायचे. तो हात बसला की मग बेसही त्यांचा त्यांनी करायचा. म्हणजे सगळ्यात अवघड काम सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो : पहिल्याच दिवशी चारही आवाज भरायला बसतो आणि तिसऱ्या सुरालाच अडकतो.

मधल्या आवाजांचा विषय पुढल्या खेपेला. पण एक खड्डा आजच दाखवून ठेवतो, कारण तो याच ओळीत आहे. वरचा ध म च्या कॉर्डमध्ये बसतो (म, ध, सा) आणि पुढचा प हा प च्या कॉर्डमध्ये (प, नी, रे). बेस म वरून प वर गेला. टेनर सा वर उभा आहे. त्याला शेजारचा रे फार जवळचा वाटतो आणि पाय तिकडेच वळतो. पण म-सा आणि पाठोपाठ प-रे झालं की पंचमाचं अंतर ठेवून दोन आवाज एकाच दिशेने सरकले. हे अंतर इतकं एकजीव असतं की कानाला दोन माणसं ऐकूच येत नाहीत, चारातला एक आवाज हरवतो. म्हणून टेनरला उलट्या बाजूला, नी वर पाठवायचं. माझ्या वहीत या जागी लाल वर्तुळं किती आहेत ते सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो ओळीच्या शेवटी आहे. कोरालमध्ये ओळ संपते तिथे सुरावर फर्माटा असतो, म्हणजे थांबण्याची खूण. काम इथून सुरू करायचं आणि मागे मागे जायचं. आपली ओळ ग वर थांबते. हा ग कुणाच्या घरचा? सा च्या घरी (सा, ग, प) तो मधला मुलगा आहे. ध च्या घरी (ध, सा, ग) तो वरच्या माळ्यावर राहतो. आणि स्वतःच्या घरी तो मालक आहे. त्या घरात मात्र प च्या जागी कोमल ध घ्यायचा : ग, कोमल ध, नी. पेटीवर ती काळी चार.

शेवटचे दोनच सूर वाजवा, रे आणि ग. पहिल्यांदा खाली प आणि सा. घरी पोचलो, दार लावलं. आता तेच रे-ग ठेवून खाली म आणि ग द्या, शेवटच्या कॉर्डमध्ये काळी चार दाबा. वरची चाल अर्ध्या सुरानेही हललेली नाही, पण आता कुणीतरी प्रश्न विचारून गप्प बसलंय.

बाखने ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (1727) मध्ये ही चाल 5 वेळा आणली. पहिल्या दोन वेळा साज तोच, फक्त दुसऱ्यांदा पट्टी अर्ध्या सुराने खाली. बाकी प्रत्येक वेळी साज वेगळा. ख्रिस्ताचा प्राण गेल्यावर लगेच येणारा कोराल सगळ्यात वाकडातिकडा आहे, कोमल-तीव्र सुरांमधून चाचपडत जाणारा; कारण शब्द आहेत स्वतःच्या मरणवेळेचे. चाल ग वरच संपते आणि तो ग स्वतःच्याच घरात, काळी चार सोबत घेऊन.

म्हणून माझी एक तक्रार आहे. बाखचे 371 कोराल 1784 ते 1787 या काळात लाइपझिगच्या ब्राइटकोफने चार भागांत छापले, पण शब्द गाळून. संगीताच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या संग्रहावर पोसल्या गेल्या. कॉर्डचं व्याकरण पाठ झालं. इथे असा सूर का, हे विचारायला शब्दच समोर नव्हते. कोराल हाताळणाऱ्याने आधी मजकूर मिळवावा, अर्थ लावून घ्यावा आणि मगच फर्माटाखाली पहिला कॉर्ड लिहावा.

‘ख्रिसमस ओरेटोरिओ’ (1734) मध्ये हीच चाल दोनदा भेटते. पहिल्यांदा सुरुवातीला, येणाऱ्या बाळाचं स्वागत कसं करू असं विचारताना. दुसऱ्यांदा अगदी शेवटी, तुताऱ्या आणि नगाऱ्यांच्या गजरात. तिथेही चाल ग वरच संपते. या वेळी सा च्या घरात.

पुढल्या आठवड्यासाठी : वरची सात सुरांची ओळ, शेवट दोन्ही प्रकारचे, आणि बेस तुमचा तुम्ही. आल्टो-टेनरना अजून हात लावू नका.