सात-बारा तुमचा, मुरूम कुणाचा?

झरी जामणी तालुक्यातली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट रस्ता टिकत नाही. पांदण असो, कोलाम पोडाचा (वस्तीचा) जोडरस्ता असो की मुकुटबनकडचे मोठे बांधकाम, भरावाला मुरूम लागतोच. तो कुठल्या तरी शिवारातून निघतो आणि मागे खड्डा राहतो. या खदानीबद्दल गावोगाव काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्या एकदा तपासून पाहू.

गैरसमज १ : जमीन माझी, म्हणजे मुरूमही माझाच.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर सर्वसाधारणपणे राज्य शासनाचा हक्क असतो. मुरूम हे गौण खनिज आहे. विनापरवाना उपसा केल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, वाहनही जप्त होऊ शकते. पायासाठी खोदलेली माती त्याच भूखंडावर पसरली तर गोष्ट निराळी असते. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले, की अशा मातीचा शेवटी काय उपयोग झाला हे पाहिल्याशिवाय आकारणी करता येणार नाही.

गैरसमज २ : सरकारी रस्त्याला परवानगी लागत नाही.

वस्तुस्थिती : रस्ता सरकारी असला तरी कंत्राटदाराची परवान्यातून आपोआप सुटका होत नाही. रस्त्यासारख्या लांबलचक प्रकल्पांना लागणाऱ्या साध्या मातीला केंद्राने मार्च 2020 मध्ये पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती 21 मार्च 2024 रोजी रद्द केली. त्याआधी, 2012 च्या दीपक कुमार खटल्यात, पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे याच न्यायालयाने बजावले होते. छोट्या छोट्या खदानींचा एकत्रित परिणाम मोठा होतो, हे त्यामागचे कारण.

गैरसमज ३ : ग्रामसभेचा ठराव काय, नंतरही घेता येतो.

वस्तुस्थिती : अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस 1996 च्या पेसा कायद्याने बंधनकारक केली आहे. आधी शिफारस, मग पट्टा, असा क्रम आहे. गावाला अटी घालायच्या असतील तर त्या याच वेळी घालाव्यात. पोकलेन शिवारात उतरल्यावर अटींना फारसे वजन उरत नाही.

गैरसमज ४ : मुरूम म्हणजे मुरूम, कुठलाही चालतो.

वस्तुस्थिती : चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेला मुरूम पाणी धरतो आणि पहिल्याच पावसाळ्यात चाकाखाली दबतो. रस्त्याच्या खालच्या दाणेदार थरातल्या बारीक मालाचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकणपणाचे माप) 6 च्या आत असावा, असे केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे मानक आहे. आधी चाचणी-खड्डे घेऊन नमुना प्रयोगशाळेत तपासला, तर निकामी खदान उघडण्याची आणि ती सोडून दुसरी खोदण्याची वेळच येत नाही.

गैरसमज ५ : खोल खोदले की कमी जमीन बिघडते.

वस्तुस्थिती : उभ्या कडांचा खोल खड्डा पुन्हा वापरात आणणे अवघड असते. रस्त्याच्या भरावासाठी माती घेताना पिकाऊ जमिनीत वरची 15 सेंटीमीटर माती बाजूला काढून ठेवावी आणि ती धरून एकूण खोली 45 सेंटीमीटरपुढे नेऊ नये, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1961 च्या शिफारशींत म्हटले आहे. म्हणून पिकाऊ वावर सोडून बरड टेकाड शोधणे शहाणपणाचे. तिथेही काम टप्प्याटप्प्याने करावे. आधी हद्दीच्या खुणा रोवाव्या, नाल्यापासून अंतर राखावे आणि वरची माती वेगळी रचावी. कडा उतरत्या ठेवाव्या, गाळ नाल्यात जाऊ नये म्हणून पाण्याला वाट आणि गाळ बसायला खड्डा द्यावा, टिप्परच्या रस्त्यावर पाणी मारावे. एका भागातला उपसा संपला की तिथे माती पसरूनच पुढच्या भागाला हात लावावा. सगळी दुरुस्ती शेवटावर ढकलली की बिल निघते, यंत्रे जातात आणि दुरुस्ती राहून जाते.

गैरसमज ६ : खड्डा राहिला तरी बिघडले काय, शेततळे होते.

वस्तुस्थिती : मुरमातून पाणी झिरपते, त्यामुळे अस्तराविना साठा फार काळ टिकेलच असे नाही. त्यातून विहिरींना पाझर मिळू शकतो, पण त्यासाठी जागा आणि येणारे पाणी आधी पाहावे लागते. उभ्या कडांच्या डबक्यात मुले आणि जनावरे बुडण्याचा धोका असतो, साचलेल्या पाण्यात डास वाढतात. तळे हवे असेल तर ते आधी आखावे. बुलडाणा पॅटर्नमध्ये हाच क्रम होता. तलाव आणि नाले खोल-रुंद करायचे आणि निघालेला माल महामार्गाच्या भरावाला वापरायचा. रस्ताही झाला, पाणीही साठले.

या सहाही समजुतींच्या मुळाशी एकच कल्पना आहे, की खदानीचा शेवट नंतर पाहता येतो. प्रत्यक्षात तो पहिल्या दिवशीच कागदावर ठरवावा लागतो. म्हणून संमतीची सही करण्याआधी शेतकऱ्याने आणि ग्रामसभेने चार गोष्टी लेखी मागाव्यात : किती ब्रास निघणार, किती खोल जाणार, वरची माती कुठे ठेवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत जमीन कशा अवस्थेत परत मिळणार. यातल्या एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर सही थांबवावी.