मुकादमाचे शास्त्र

वेरूळला कैलास लेणे पाहायला गेलेला माणूस आधी खालच्या हत्तींपाशी रेंगाळतो. बांधकामाच्या धंद्यातल्या माणसाने मात्र बाजूच्या पायवाटेने आधी कड्याच्या माथ्यावर चढावे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, या कामाची आखणी ज्याने केली त्याचे डोके तिथून दिसते. तिन्ही बाजूंनी खोल चर खणून मध्ये अखंड खडक सोडला आणि तो वरून खाली घडवत नेला. म्हणजे शिखर आधी आणि जोते शेवटी! यात परांची बांधायचा खर्च वाचला, कारण पायाखालचा न फोडलेला खडक हीच परांची. पण शिखराची नक्षी चालू असतानाच खाली हत्तीची सोंड कुठे येणार हे ठरलेले हवे, कारण एकदा उडवलेला दगड परत चिकटत नाही. काढलेला खडक दोन लाख टनांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असावा असे अंदाज आहेत. एवढा राडारोडा रोजच्या रोज हलवला नसता तर छिन्नी चालवायला जागाच उरली नसती. ८१२ सालच्या बडोदा ताम्रपटात असा उल्लेख आहे की हे देऊळ पुरे झाल्यावर खुद्द करणाराच थक्क झाला. त्याचे नाव काही ताम्रपटात नाही.

बांधकामाचा इतिहास आपण राजांच्या आणि शैलींच्या नावाने शिकतो. हेमाडपंती, इंडो-सारासेनिक, आर्ट डेको वगैरे. मला वाटते तो हजेरीपुस्तकाच्या बाजूने वाचला तर जास्त खरा वाटेल. इमारत उभी राहते ती कामाच्या क्रमावर, वेळेत पोचलेल्या मालावर आणि वेळेत मिळालेल्या मजुरीवर. नकाशा चांगला असणे हे गृहीतच धरायचे.

मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. बेटावरचे काम म्हणजे होडीवरचे काम. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद, म्हणजे हातात राहतात आठ. तेवढ्यात दगड, चुना, धान्य, माणसे सगळे ने-आण करायचे. पायात शिसे ओतले हे सगळ्यांना ठाऊक असते. पण शिसे येईपर्यंत पाथरवटांना रिकामे बसू द्यायचे नाही, ही खरी कसोटी. हे काम आणि पुढे रायगड ज्यांच्याकडे होता त्या हिरोजी इंदुलकरांचे नाव रायगडी जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेले आहे. आपल्याकडे काम पाहणाऱ्या माणसाचे नाव दगडावर सापडणे दुर्मीळच.

तेव्हाचा कळीचा माल म्हणजे चुना. अनेक गडांवर अजूनही चुन्याचा घाणा दिसतो: जमिनीत गोल दगडी चर आणि त्यात फिरणारे जाडजूड दगडी चाक. चाक बैलाने ओढायचे. चुनखडी भट्टीत भाजायची, पाणी घालून विरवायची, मग वाळूबरोबर घाण्यात मळायची. त्यात कुठे गूळ, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचा गर. गवंडी उद्या चुना मागणार असेल तर भट्टी काही दिवस आधी पेटलेली हवी, आणि भट्टीला लाकूड त्याच्याही आधी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कुठून घ्यावे याची सूचना आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे. माल खरेदीचे याहून सरळ धोरण आजच्या निविदांतही क्वचितच सापडेल.

मजुरी थकली की काय होते ते बोरघाटाने दाखवले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटाचे काम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराला दिले आणि १८५६ च्या सुरुवातीला ते सुरू झाले. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चढणीत १८३१ फुटांची उंची गाठायची, बोगदे पंचवीस, आणि चढ काही ठिकाणी सदतिसास एक. सुरुंग घालायला जागा नसे तिथे माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडत. ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम आणि सगळ्यात खाली पहार धरणारा. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थांबायचा. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगल केली, आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. मग सॉलोमन ट्रेडवेल आला. भारतात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच तो वारला, आणि ठेका चालवला त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने. बाईंनी अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या अभियंत्यांवर काम सोपवले. १८६१ च्या जानेवारीत घाटावर बेचाळीस हजार माणसे राबत होती. कॉलऱ्याने किती नेली त्याचा धड हिशेब नाही. १८६३ मध्ये गाडी घाट चढली. आणि चारच वर्षांत, १८६७ मध्ये, घाटातला एक दगडी पूल कोसळला. चौकशीत गवंडीकामावर ठपका आला. मोजमाप घेणाऱ्याने दर्शनी दगड पाहिला, आतली भर पाहिली नाही, की असेच व्हायचे.

सरकारी बांधकाम खात्याच्या मोजमाप पुस्तकाचे मोल इथे कळते. पाने छापील क्रमांकाची, खाडाखोड चालत नाही, आणि पुस्तकात नोंद नाही त्या कामाचे बिल निघत नाही. १८५४ मध्ये पुण्यात जो अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, ज्याचे पुढे सीओईपी झाले, त्याचा मूळ हेतू खात्याला असे हाताखालचे जाणकार पुरवणे हाच होता. त्या पुस्तकाला लोक नावे ठेवतात. मी ठेवणार नाही.

वेळापत्रकाचे शास्त्र त्यामानाने अगदी अलीकडचे. हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले, आणि ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत १९५७ च्या सुमाराची, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीतली. सगळी कामे एकमेकांत कशी अडकली आहेत ते मांडायचे आणि त्यांतली सर्वांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतले काम एक दिवस लांबले की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी उसंत असते.

याचे आपल्या घरचे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० मध्ये महामंडळ झाले, ई. श्रीधरन प्रमुख. रत्नागिरीजवळ पानवलला ६४ मीटर उंचीचा पूल झाला, कठीण कातळातला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदाही झाला. अडले ते गोव्यात पेडण्याला, जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्यात. तिथे कातळ नव्हताच, होती पाण्याने भिजलेली मऊ माती. खोदावे तेवढी ती पुन्हा आत यायची, आणि कामगारही दगावले. दोन्हीकडचे रूळ तयार होऊन पेडण्याची वाट पाहत राहिले. सलग मार्ग खुला झाला तो १९९८ च्या जानेवारीत. वेळापत्रक किती लांबीचे काम उरले ते मोजत नाही, ते कुठे अडले ते मोजते.

हेच गल्लीतल्या चार मजली इमारतीच्या स्लॅबच्या दिवशी पाहावे. सकाळी सेंट्रिंगचे टेकू ठोकून पाहिले जातात, सळयांखाली कव्हर ब्लॉक आहेत का ते सुपरवायझर वाकून बघतो, नळ आणि विजेच्या पायपांची तोंडे बुजवून घेतात. हे राहिले तर पुढे ताज्या स्लॅबला छिन्नी लागते. काँक्रीटची गाडी वाहतुकीत अडकली की टाकलेला माल आवळायला लागतो आणि जुन्या-नव्याचा सांधा कच्चा राहतो. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गळती. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठ्याचे चौदा, असे भारतीय मानक सांगते. हप्त्याची घाई झालेला बिल्डर काही वेगळेच सांगतो. या दोघांच्या मध्ये उभा असतो मुकादम. कोणत्या टोळीने कधी कुठे लागायचे, कुणाला किती उचल दिली, कोण गावी सुगीला गेला, हे सगळे त्याच्या डोक्यात. गँटचा तक्ता सुपरवायझरच्या लॅपटॉपवर असतो. मुकादम आजारी पडला तर साईट बंद पडते. तोच मुकादम बोरघाटासारखा पैसा अडवूनही ठेवू शकतो, हेही खरे.

म्हणून १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुरांसाठी कल्याण मंडळे आणली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यात जमा होतो. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी नाक्यावर उभा राहणारा बिगारी आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. कोणाच्याच मस्टरवर त्याचे नव्वद दिवस भरत नाहीत. ग्रामसेवक किंवा पालिकेचा अधिकारीही दाखला देऊ शकतो, पण तो मागायला जायचे तर त्या दिवसाचा रोज बुडतो.