दान आणि सुख

दान आणि सुख : आपले धन, श्रम वा ज्ञान दुसऱ्याच्या हितासाठी स्वेच्छेने देणे म्हणजे दान. दानाने दात्यास सुख लाभते काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न असून मानसशास्त्र व अर्थशास्त्र यांनी अलीकडच्या काळात त्याचा प्रायोगिक अभ्यास आरंभिला.

दानी व्यक्ती सुखी आढळल्या, तरी तेवढ्यावरून दान हे सुखाचे कारण ठरत नाही. सुखी माणसेच अधिक दान करीत असणे शक्य आहे. हा कार्यकारणसंबंध पारखण्यासाठी एलिझाबेथ डन, लारा अक्निन व मायकेल नॉर्टन यांनी कॅनडात एक प्रयोग केला (२००८). सहभागी व्यक्तींना ५ वा २० डॉलर दिले. ते स्वतःवर खर्चावेत की इतरांसाठी, हे यदृच्छेने ठरविले. इतरांसाठी खर्च करणारे सायंकाळी अधिक सुखी आढळले. रकमेच्या लहानमोठेपणाने विशेष फरक पडला नाही. अधिक मोठ्या नमुन्यांवरील प्रयोगांत (२०२०) या निष्कर्षास सामान्यतः दुजोरा मिळाला. मात्र परिणाम अल्प होता. दान स्वेच्छेचे असणे व त्याचा उपयोग दात्यास दिसणे, या गोष्टी सुखास पोषक ठरतात.

दान कसे द्यावे, याचा विचार भारतीय परंपरेतही आढळतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार दानाचे वैशिष्ट्य विधी, द्रव्य, दाता व पात्र यांवर अवलंबून असते. जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने मानतात. यांपैकी शास्त्रदानात ग्रंथाच्या प्रती लिहवून घेऊन त्या मुनींना वा मंदिरांना अर्पण करीत. अशा अर्पणांनी जैन ग्रंथभांडारे समृद्ध होत गेली. वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील भांडारे प्रसिद्ध आहेत. तेथील हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासास चालना मिळाली. कारंजा येथून पुष्पदंताची जसहरचरिउ (१९३१) व णायकुमारचरिउ (१९३३) ही काव्ये प्रसिद्ध झाली.

जुन्या काळी ग्रंथ अर्पण करणाऱ्या दात्यांना हा उपयोग पाहता येणे शक्य नव्हते. दात्याचे तात्कालिक समाधान प्रयोगाने मोजता येते. दानाचे घेणाऱ्यास व समाजास मिळणारे फळ त्याहून वेगळे असून पुष्कळदा दीर्घकाळाने प्रकटते. म्हणून दात्याचे सुख हे दानाच्या उपयुक्ततेचे गमक मानता येत नाही.