एका संगणकात दोन संगणक

आपल्याकडे पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. इमारत तीच, बाके तीच, फळाही तोच. पण मुख्याध्यापक वेगळे आणि वेळापत्रकही वेगळे. आता अशी कल्पना करा, की ही अदलाबदल दिवसातून एकदा न होता सेकंदाला अनेक वेळा होऊ लागली. मग दोन्ही शाळा एकाच वेळी भरल्यासारख्या दिसतील आणि प्रत्येक मुख्याध्यापकांना वाटेल, की सारी इमारत आपलीच आहे! शाळेत हे अशक्य. संगणकात मात्र खरोखर घडते.

संगणकाचा मुख्याध्यापक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यायचा, डिस्कवर माहिती कोठे लिहायची, प्रोसेसरने आधी कोणाचे काम करायचे, हे सारे ती ठरवते. समजा, तुमच्या घरच्या संगणकावर विंडोज आहे आणि तुम्हांला लिनक्स शिकायची आहे. डिस्कवर दुसरी सिस्टिम बसवताना एखादा पर्याय चुकला, तर घरातली छायाचित्रे, वडिलांचे हिशेब आणि तुमचा शाळेचा प्रकल्प सारेच पुसले जाईल. मग शिकायचे कसे?

यावरचा उपाय ६० वर्षांपूर्वीच निघाला होता. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात १९६७ च्या जानेवारीत 'सीपी-४०' ही प्रणाली वापरात आली. त्या काळी संगणक खोलीएवढे मोठे आणि फार महाग असत. प्रत्येक संशोधकाला वेगळा संगणक देणे शक्य नव्हते. सीपी-४० ने एकाच यंत्रातून १४ यंत्रांचा भास निर्माण केला. एकाच्या यंत्रात बिघाड झाला, तरी शेजाऱ्याचे काम चालूच राही. अशा भासमान संगणकाला आभासी यंत्र म्हणतात.

हा भास टिकतो कसा? पाहुण्या सिस्टिमच्या बहुतेक आज्ञा, म्हणजे बेरीज, वजाबाकी, तुलना वगैरे, प्रोसेसर थेट पार पाडतो. त्यामुळे वेग फारसा कमी होत नाही. अडचण येते ती संगणकाच्या कारभारात हात घालणाऱ्या आज्ञांची. एक उदाहरण पाहू. कळफलकावरची कळ दाबली किंवा घड्याळाचा ठोका पडला, की प्रोसेसरला जणू घंटा ऐकू येते. नाजूक काम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम 'घंटा बंद' अशी आज्ञा देते. पण पाहुण्या सिस्टिमने सगळ्या इमारतीचीच घंटा बंद केली, तर दुसरी शाळा भरणार कशी? म्हणून अशी आज्ञा येताच प्रोसेसरने थांबावे आणि व्यवस्थापक कार्यक्रमाला बोलवावे लागते. तो आपल्या वहीत नोंद करतो, 'या पाहुण्यापुरती घंटा बंद', आणि काम पुढे चालू करतो. पाहुण्याला याचा पत्ताही लागत नाही.

अशा प्रत्येक आज्ञेला प्रोसेसरने अडवले पाहिजे, ही अट पोपेक आणि गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडली. घरोघरी पोहोचलेले इंटेलचे प्रोसेसर मात्र तिच्यात बसत नव्हते. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा सापडल्या. 'पॉपएफ' ही त्यांपैकीच एक. अधिकार नसताना तिच्याकरवी घंटा बंद करू पाहिले, तर प्रोसेसर ना काम करी, ना तक्रार! पाहुण्याला वाटे घंटा बंद झाली. प्रत्यक्षात ती चालूच. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये यातून वाट काढली. त्यांचा कार्यक्रम पाहुण्याच्या आज्ञा आधीच तपासून अडचणीच्या आज्ञा बदलून टाकी. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच तशी सोय केली.

आता तुमचा प्रयोग. व्हर्च्युअलबॉक्स हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. संगणकात ८ गिगाबाइट स्मृती असेल, तर पाहुण्याला २ गिगाबाइट द्या. सगळीच देऊ नका, नाहीतर यजमान विंडोज उपाशी राहील! लिनक्स बसवताना पडद्यावर सूचना येईल, 'डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल.' येथे क्षणभर थांबा. सूचना आभासी यंत्राच्या खिडकीत आली असेल, तर घाबरू नका. पाहुण्याची डिस्क म्हणजे विंडोजमधली एक मोठी फाइल. तेवढीच पुसली जाईल. पण संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला असताना हीच सूचना आली, तर ती खऱ्या डिस्कबद्दल असते! शब्द तेच, परिणाम मात्र वेगळा.

आभासी यंत्राची सद्यःस्थिती जतनही करता येते. मग लिनक्समधल्या फाइली पुसून पाहा, सिस्टिम मुद्दाम बिघडवा आणि पुन्हा पूर्वस्थितीत आणा. तरीही महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. कारण खरी डिस्क बिघडली, तर यजमान आणि पाहुणा दोघेही बुडतात.

शेवटी एक प्रश्न. आभासी यंत्राच्या आत आणखी एक आभासी यंत्र चालवता येईल का? घंटेचे उदाहरण आठवा आणि वर्गात चर्चा करा.