माशाने दळलेली वाळू

एक मूठ वाळू घे. पांढरीशुभ्र, मऊ मऊ. तळहातावर पसर. आता ओळख पाहू, ही वाळू केली कोणी?

लाटांनी? वाऱ्याने? हो, थोडी त्यांनीही केली. पण खरा कारागीर कळला ना, की तू हात झटकशील! आणि मग खो खो हसशील.

सांगते, सांगते! पण त्याआधी एका बेटावर जाऊ या.

बेटाचं नाव जॉली बॉय. ते आहे अंदमानात. आपल्याकडची मंडळी अंदमानला जातात ती सेल्युलर जेल बघायला, सावरकरांची कोठडी बघायला. ती तर बघच. पण आईबाबांच्या मागे लागून एक दिवस समुद्रासाठी राखून ठेव. पोर्ट ब्लेअरहून (या शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालंय) गाडीने साधारण तासाभरात वंडूर येतं. तिथल्या धक्क्यावर बोट उभी असते. बोटीत पाय ठेवला की सुरू होतं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान!

उद्यान? मग झोपाळा कुठाय? घसरगुंडी कुठाय?

नाहीच मुळी! १९८३ साली सरकारने पंधरा बेटं आणि त्यांच्याभोवतीचा समुद्र राखून ठेवला. सगळं मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटर. त्याला भिंत नाही, पिंजरा नाही, काचेची टाकी नाही. काही देशांत शिट्टी वाजली की डॉल्फिन उडी मारतात, नाकावर चेंडू झेलतात. अशा खेळांना आपल्या देशात २०१३ पासून बंदी आहे. बरंच झालं! रोज रोज गॅदरिंग, तेही एकाच नाचाचं, कोणाला आवडेल? वंडूरला मासे आपल्या घरी असतात. पाहुणे आपण!

या घराचे नियम मात्र कडक. प्लास्टिकची पिशवी न्यायची नाही, म्हणजे नाही. खाऊ पाण्यात टाकायचा नाही. आणि बोट निघाल्यावर हात बाहेर काढायचा नाही! का? कारण सुरुवातीचा रस्ता खाडीतला. दोन्ही काठांना कांदळवनाची गर्दी. आणि या पाण्यात राहते खाऱ्या पाण्यातली मगर. ती बहुधा दिसत नाही. नाही दिसली तरी माझी काही तक्रार नाही.

मग खाडी संपते आणि पाण्याचा रंग बदलतो. हिरवट, मग निळा, मग असा काही फिरोजी की रंगपेटीत शोधून सापडणार नाही! बेटाजवळ आलं की दुसऱ्या, छोट्या बोटीत बसायचं. हिच्या तळाला काच आहे. वाकून बघ!

खाली दगडच दगड. काही गोल, काही फांद्या फुटलेले, काही थेट मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे.

पण थांब. ते दगड नाहीतच! ते आहेत प्रवाळ. आजीच्या अंगठीतलं लाल पोवळं पाहिलंयस ना? त्याचे हे लांबचे चुलतभाऊ. आणि प्रवाळ म्हणजे प्राणी! हो, जिवंत प्राणी! एकेक जीव बहुतेक वेळा मुगाच्या दाण्याएवढा, कधी त्याहूनही लहान. मऊ पिशवीसारखं अंग, वर एक तोंड, तोंडाभोवती झालर. जेवण आत जातं ते या तोंडातून, आणि उरलंसुरलं बाहेर येतं तेही याच तोंडातून. शी! पण त्यांना दुसरं दारच नाही, काय करणार?

हा मऊ जीव आपल्याखाली कडक घर बांधतो. अंड्याचं टरफल ज्या पदार्थाचं असतं ना, त्याच पदार्थाचं. शेजारी दुसरा जीव, त्याचं घर. त्याच्या शेजारी तिसरा. असे हजारो जीव अंगाला अंग लावून राहतात. एक जीव मेला की त्याच्या रिकाम्या घरावर दुसरा आपलं घर चढवतो. शेकडो वर्षं हे चाललं, की तयार होतो काचेखालचा तो डोंगर.

अजून एक गंमत. प्रवाळाच्या अंगात भाडेकरू राहतात! हे भाडेकरू म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ. ते उन्हात बसून साखर तयार करतं आणि भाडं म्हणून प्रवाळाला देतं. प्रवाळाचं बरंचसं पोट या भाड्यावरच भरतं. त्याचे रंगही मुख्यतः या भाडेकरूंमुळेच.

आता श्वास रोखून ऐक. नळी लावून पाण्यात तोंड घातलंस, तर एक आवाज येईल. कर्रम. कुर्रम. कर्रम. कोणीतरी पाण्याखाली चकली खातंय!

आला आपला कारागीर! पोपटमासा!

हिरवा, निळा, मध्येच गुलाबी. आणि तोंडाला चक्क पोपटासारखी चोच. पण ही चोच म्हणजे दातच. एक नाही, दोन नाही. शास्त्रज्ञांनी एका जातीच्या पोपटमाशाचे दात मोजले, तर सुमारे हजार निघाले! पंधरा ओळींत रचलेले, एकमेकांना घट्ट चिकटलेले. पुढचे झिजले की मागचे तयार. आणि कडक किती? तांब्याहून कडक, चांदीहून कडक, सोन्याहूनही कडक! दातांच्या डॉक्टरकडे जायची गरजच नाही. मला तर हेवा वाटतो.

या चोचीने तो प्रवाळाचा खडक खरवडतो. त्याला खरं तर हवं असतं खडकावरचं आणि खडकात शिरलेलं शेवाळ. पण शेवाळ तेवढं वेगळं काढणार कसं? मग तो खडकासकट तुकडा तोडतो. चावायचं काम पुढे घशात. हो, घशात! तिथे त्याचे आणखी दात असतात, खालून आणि वरून. त्यांच्यामध्ये खडकाचं पीठ होतं. घशात जातंच बसवलंय म्हण ना!

पुढे काय होतं? पोपटमाशाला आपल्यासारखं जठर नसतं. दळलेलं पीठ सरळ आतड्यात जातं. शेवाळातलं जे हवं ते शरीर घेतं. आणि खडकाचं पीठ? ते कसं पचणार? ते निघतं बाहेर. कुठून?

बरोबर ओळखलंस! शेपटीकडून!

पोहता पोहता पोपटमाशामागे एक पांढरा ढग उठतो. ढग हळूहळू खाली बसतो. लाटा त्याला किनाऱ्याकडे ढकलतात. आणि तुझ्या मुठीत येते मऊ, पांढरी, स्वच्छ... माशाची शी!

ईईई म्हणू नकोस. समुद्राने ती इतक्यांदा धुतलीय की तुझ्या शाळेच्या गणवेशाहून ती स्वच्छ असेल.

सगळी वाळू पोपटमाशाचीच असते असं नाही हं. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, लाटांनी फोडलेलं प्रवाळ असतं. पण पोपटमाशाचा वाटा किती मोठा असू शकतो बघ. मालदीवमध्ये वाक्करू नावाचं बेट आहे. शास्त्रज्ञांनी तिथे हिशोब केला आणि २०१५ साली छापला. बेटाभोवती नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची! म्हणजे या नव्या वाळूच्या शंभर चिमट्या घेतल्यास, तर पंच्याऐंशीहून जास्त चिमट्या माशांनी दळलेल्या. अख्ख्या बेटाला वाळू पुरवणारा गिरणीवाला म्हणजे मासा!

पोपटमाशांमधला सगळ्यात थोरला कपाळावर टेंगूळ असलेला. लांबी चार फुटांपर्यंत. हा एकटा वर्षभरात पाच टनांहून जास्त प्रवाळखडक फस्त करतो. एका धिप्पाड हत्तीच्या वजनाएवढा! वर्षातून एक हत्ती, तोही दगडाचा!

मग प्रवाळ संपून नाही का जाणार? मलाही आधी हीच काळजी वाटली होती. पण शेवाळ वाढत गेलं तर प्रवाळाच्या पिल्लांना खडकावर बसायला जागाच उरत नाही. पोपटमासा ती जागा खरवडून मोकळी करतो. प्रवाळाचा खरा त्रास वेगळाच आहे. पाणी फार तापलं की त्याचे भाडेकरू घर सोडून जातात. भाडं बंद, रंग बंद. प्रवाळ पांढराफटक पडतो आणि उपाशी राहतो. २०१० साली अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. पाणी लवकर निवलं तर भाडेकरू परत येतात. नाही निवलं, तर प्रवाळ मरतो.

आणि रात्री? रात्री तर काही पोपटमासे जादूच करतात! तोंडातून चिकट, पारदर्शक बुळबुळीत पदार्थ सोडतात आणि स्वतःभोवती फुगा करून त्यात झोपतात. समुद्रात रक्त पिणारे बारीक किडे असतात ना, ते या फुग्यामुळे जवळ येत नाहीत. शेंबडाची मच्छरदाणी! रोज नवी. आणि गुंडाळून ठेवायची कटकट नाही.

जाताना भिंग घेऊन जा. वाळूचा एकेक कण बघ. टोकदार कुठला, गुळगुळीत कुठला, गुलाबी कुठला? बघून झालं की तिथेच ठेव, राष्ट्रीय उद्यानातून शिंपलासुद्धा आणायचा नसतो. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभं राहू नकोस, खाली माणसं... म्हणजे प्राणी राहतात! पावसाळ्यात जॉली बॉय बंद असतं, तेव्हा रेड स्किन नावाच्या बेटावर नेतात. पोपटमासे तिथेही आहेत. वनखात्याचा परवाना आधी काढून ठेवायला बाबांना आठवण कर.

आणि सोमवारी जाऊ नकोस. सोमवारी उद्यानाला सुट्टी. गिरणी मात्र चालू असते!